सरळ टाक्यांची बाजू

हसू नका, माह्या मायनं शिवलेली गोधडी आहे ही. अर्ध्याच्या वर तर एक ओळ सरळ सापडणार नाई तुम्हाले. हात चांगला होता तिचा, पण तोंड थांबत नव्हतं. बाबा बाजेवर चहा पेत बसत अन् माय खाली बसून टाके घालता घालता त्याइले गावभरच्या गोष्टी सांगे. गोष्ट रंगली की सुई भलतीकडेच धावे.

मी एकदा विचारलं, "माय, हा टाका एकदम वर काऊन चढला वो?"

"तिथं तुह्या मामीनं भरल्या मांडवात आहेर परत केला होता न!"

"अन् हा त्याच्याहून वाकडा?"

बाबा हळूच म्हणाले, "तिथं मी मामीची बाजू घेतली."

मायले लाज वाटली. म्हणे, "उसवतो अन् सरळ घालतो."

"राहू दे वो," बाबा म्हणाले. "सरळ केलं तर मले गोष्टी आठवतील कशा?"

गोधडी पुरी व्हायच्या आधीच बाबा गेले. उरलेली बाजू मायनं त्याच रिकाम्या बाजेपाशी बसून शिवली. एक शब्द बोलली नाई.

परवा नणंद आली होती. गोधडीवरून हात फिरवत म्हणे, "शेवटी शेवटी तुमच्या मायचा हात मस्त बसला वो वहिनी! कशा रेघेवानी ओळी आहेत!"

मी हो म्हटलं. पण पांघरताना ती बाजू पायाकडं घेतो. तोंडाशी मले वाकडे टाकेच लागतात.