पेन घरी ठेवून सभेले गेली

गावाचं नाव नोका टाकू, अर्जुनी मोरगाव तालुका टाका, तेवढं पुरते. माहं नाव लता. लोकं मले पेपरवाली बाई म्हनतात, लहान पोट्टेही तेच म्हनतात, अन मले आवडते, काऊन का मी तेच आहो. माहेर माहं नवेगाव बांधच्या अंगचं, आमी जातीनं कोहळी, आमच्या आज्या-पंज्यायनं तलाव बांधले म्हनून लोकं सांगतात, आमाले त्याचं काही वाटे नाही, तलाव होता, धान होतं, बस. बाप माहा चांगला शेतकरी, पन बोले तं अडखळे. एक शब्द त्याच्या तोंडात असा अडकून राहे का बघनाऱ्याले घाम सुटे. पानी सोडाची जी जागा असते ना तलावाले, तुडुम म्हनतो आमी, ते तुडुम कधी उघडाचं यावर गावाची सभा होये, बाप उभा होये, तू तू तू म्हने, आन कोनीतरी पुढचं बोलून टाके, लोकं हासत, बाप खाली बसे. त्याले जे बोलाचं होतं ते वेगळंच राहे. घरी मात्र माय कधी त्याचा शब्द पुरा नाही करे. चुलीवर भात शिजून राहिला, माय लाकूड मागं-पुढं करून राहिली, अन बाप बोलून राहिला, लागू दे किती वेळ लागते ते. मी तिथंच आयकाले शिकली, काय सांगू तुम्हाले, कोनत्या कॉलेजात नाही शिकली.

लग्न झालं तं इकडं आली. मालकाचं नाव वसंता, अर्जुनीच्या बस स्टँडवर त्यायची पेपरची एजन्सी, पहाटेच्या गाडीनं गठ्ठे येत, हे सायकलवर वाटत. त्या वेळेस असं होतं का ज्याची एजन्सी त्यानंच गावच्या बातम्याही पाठवाच्या. ह्यायले दोन ओळी लिहा म्हटलं तं कपाळावर आठ्या. मंग मी लिहो. नाव ह्यायचं, अक्षर माहं. कोनाच्या धानाच्या बांदीत रानडुकरं शिरली, शाळेचं छप्पर उडालं, धान खरेदी सुरू नाही झाली, असंच सगळं. एक दिवस गोंदियावरून संपादकायचा फोन आला, पेपर मराठी पन साहेब बोलनार हिंदीत, गोंदियाची तेच रीत आहे, सगळे त्यायले भैयाजी म्हनत. हे पेपर वाटाले गेले होते, मीच फोन उचलला. भैयाजीनं त्या बातमीबद्दल काही विचारलं, मी सांगत गेली, सांगत गेली, मंग ते म्हनाले, दीदी, ये सब आप ही लिखती हो ना. मी म्हटलं, हो. ते हासले, म्हने तो फिर अपने नाम से लिखो. माहं नाव पहिल्यांदा छापून आलं तं ह्यायनं तो पेपर सगळ्यायच्या घरी पहिले टाकला अन आमच्या घरी टाकाचाच विसरले, शेवटी शेजाऱ्याचा मागून आनला.

भैयाजीनं मले काम शिकवलं, खोटं कायले बोलू. दोन्ही बाजूले विचारल्याशिवाय लिहू नोको, ऐकीव लिहू नोको, अन तिसरं म्हने, खबर लिखना दीदी, खबर मत बनना. हे तिसरं मी गाठीले बांधून ठेवलं. सभेत मी कोपऱ्यात बसो, कोनी म्हटलं वयनी तुमी सांगा, तं मी मान हालवो, माहं काम लिहाचं.

आता पारबताचं सांगतो. पारबता म्हंजे आमच्या गावची ढिवरीन, मायच्या वयाची नाही पन मोठ्या बहिनीसारखी. तोंडात तंबाखूचा गुडाखू, कमरेले पदर खोचलेला, अन गळा असा का चिखलात वाकून धानाचा रोवना लावता लावता गाये तं दुसऱ्या बांदीतल्या बाया हात थांबवत. गानी तिची पाठ केलेली नाही, तिथंच जोडलेली. समोर जे दिसन ते गान्यात. कोनाची सून माहेरी पयाली, कोनाचा बैल अडला, सगळं. आदल्या पावसाळ्यात असं झालं का मोठ्या पान्यात तलावाची पाळ, म्हंजे बांध, एका जागी फोडली, सरपंच भाऊनं फोडाले लावली, अन ते भगदाड मंग नीट बुजवलंच नाही. उन्हाळ्यात तलाव आटला, मासोळी गेली, मासोळी गेली म्हंजे ढिवरायच्या घरची भाकर गेली. फोडल्या जागेवरून सरपंचाचा ट्रॅक्टर जा-ये कराले लागला. मंग रोवन्यात पारबता गायली:

पाळ फोडली वो बाई, पाळ फोडली
पानी गेलं नहरात, मासोळी रडली
कोनाचं चाक जाते आता पाळीवरून
सांगा ना सरपंच भाऊ, खाली उतरून

एका पोरीनं मोबाइलमंदी धरलं, अन संध्याकाळपर्यंत ते गानं साकोलीपर्यंत गेलं म्हनतात. बाया हासत, मानसं हासत. मी त्याची बातमी केली, लहानशीच. सरपंचाले फोन केला, ते म्हनाले गावाच्या भल्यासाठी फोडली, बाकी काही बोलत नाही. तेही लिहिलं.

मंग पारबताले ठाण्यातून बोलावनं आलं, सरपंचानं अर्ज देल्ला होता, गावाची बदनामी म्हनून. मारलं-झोडलं काही नाही, खुर्चीवरही बसवलं, पन समजावून सांगतलं का बाई आता असं गाऊ नोको, नाही तं केस होईन. ते तिनं सोसलं असतं. पन गावात कोनीतरी म्हटलं का पारबताले रोवन्याले बोलावू नोका, अन रोवन्याच्या टोळीतल्या बायायनं तिले आवाज देनं बंद केलं. सकाळी बाया तिच्या घरावरून जात, कोनी थांबे नाही. मी तिच्या घरी गेली. ती छपरीत जाळं शिवत बसली होती, तलावात मासोळी नाही अन ही जाळं शिवून राहिली. तिनं मले आंबिल देल्ली. मी विचारलं, पारबताबाई, गात नाही का आता. ती म्हने, येते तोंडात, मंग गिळून घेतो. घरामागं सांदवाडीत वांगे तोडताना आलं तरी गिळून घेतो बाई, भिंतीले कान असतात. अन मी त्या घरातला जो शांतपना आयकला ना, तो मले कोनत्या बातमीत लिहिता नाही आला.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली. तिच्यात एक ठराव येनार म्हनून समजलं, का गावाबद्दल कोनी गानं, व्हिडिओ, काही बनवाचं अन पाठवाचं असन तं पहिले पंचायतीची परवानगी घ्या. मी पुन्हा पारबताकडं आंबिल प्याले बसली होती, तं ती मले म्हने, बाई, तू बोलशील का माह्याकडून, मले लिहिता-वाचता येत नाही, त्या ठरावाचे शब्द मले समजत नाही. मी म्हटलं, पारबताबाई, मी वार्ताहर आहो, मी कोपऱ्यात बसून लिहितो, मले नाही बोलता येत. ती म्हने, बरं. रागावली नाही, रुसली नाही, बरं म्हने अन माह्या हातातला रिकामा गिलास घेतला. ते बरं माह्या डोक्यातून जाये नाही.

भैयाजीले फोन केला. ते म्हनाले, दीदी, आप पत्रकार हो कि आंदोलनवाली, दोनो नहीं हो सकते. आज इसके लिए खड़ी होगी, कल सरपंच आपको सच बताएगा क्या. अन त्यायचं चूक नोतं, हे तुमी लिहा, ते वाईट मानूस नाही. सरपंचही माह्या पेपरचा वाचक होता, त्याचीही बाजू मलेच लिहाची होती. मी ह्यायले सांगतलं, जेवता जेवता. हे जास्त बोलनारे नाही. भात कालवत म्हनाले, मले तुमचं ते पत्रकार-बित्रकार समजत नाही, पन ठराव झाला तं उद्या तुले बातमी कोन सांगन, सगळे परवानगी आनाले जातील. अन पुन्हा जेवाले लागले.

मी खूप विचार केला. पाळीचं काय खरं ते मले माहीत नोतं, त्यात मी कोनाची बाजू नाही घेऊ शकत. पन बोलाचं का नाही बोलाचं, हे तं वेगळं झालं ना. लोकं बोलतील तं मी लिहीन, लोकायची तोंडंच बंद झाली तं मी काय लिहू, पान्याचा अंदाज? दुसऱ्या दिवशी भैयाजीले पुन्हा फोन केला. म्हटलं, भैयाजी, मी सभेत बोलनार, म्हनून त्या सभेची बातमी मी नाही पाठवत, तुमी दुसरा मानूस पाठवा, त्यानं माह्याबद्दल जे लिहाचं ते लिहू द्या. मंग म्हनाले, ठीक है, भेजता हूँ. एवढंच.

झेंडा झाला, पोरं चॉकलेट घेऊन गेली, शाळेच्या व्हरांड्यात सभा बसली. मी पेन घरी ठेवला, खांद्यावरचा झोराही ठेवला, बायायच्या मंदी बसली. पेपरचा दुसरा मानूस, नवेगावचा, माह्या कोपऱ्यात बसून होता. ठराव वाचला. मी शेजारच्या बाईचा खांदा धरून उभी झाली. मी म्हटलं, पाळ बरोबर फोडली का चूक, यावर मी एक शब्द बोलत नाही. पन गानं म्हनाले परवानगी लागन, तं उद्या रडालेही लागन. सरपंच भाऊ, गानं खोटं असन तं तुमी उत्तर द्या, माइक तुमच्याच हातात आहे. मागून एक म्हातारे बुवा म्हनाले, तू पेपरवाली का पुढारी. मी म्हटलं, बुवा, आज मी मतदार.

मंग सरपंच उभे झाले उत्तर द्याले, अन पारबताकडची जवान पोरं ओरडाले लागली, शिट्ट्या वाजवाले लागली, बसा बसा, चाक उतरवा. सरपंच तोंड उघडे, पोट्टे गोंधळ करत. माह्यानं नाही राहवलं. मी पुन्हा उभी, म्हटलं, त्यायले बोलू द्या. माह्या बाजूच्या बाईनं पदर ओढला, म्हने बाई तू आहेस तरी कोनाकडून. मी म्हटलं, त्यायचं पुरं होऊ द्या, मंग सांगतो. पोरं चूप झाली.

सरपंच बोलले. म्हनाले, त्या दिवशी खालच्या टोलीत, त्या वस्तीत, पानी शिरून राहिलं होतं, लेकरं खाटेवर होती, म्हनून फोडली. बुजवासाठी वर कळवलं, कोनी आलं नाही, अन मीही मंग ढील देल्ली, ट्रॅक्टरही नेला, हे खरं. पन गानं आयकून माही माय दोन घास कमी जेवून राहिली, ती विचारते का रे, तू खरंच गावाची मासोळी मारली का. अन ते डोळे पुसाले लागले. कोनी हासलं नाही. तेव्हा पारबता जागेवरूनच बोलली, उभी नाही झाली. म्हने, टोलीतल्या पान्याचं मले माहीत नोतं, भाऊ. ठाण्यात जाच्या आधी माह्या घरी आले असते तं मी गान्यात टाकलं असतं. सभा हासली. सरपंच डोळे पुसता पुसता हासले. ठरावाचा कागद टेबलावरच राहिला, त्यावर हात कोनी वर केले नाही, कोनी खालीही नाही केले, चहा आला अन सभा उठली.

म्हनून सगळं गोड झालं असं नोका लिहू. भैयाजीनं पंचायतीच्या बातम्या त्या नवेगाववाल्याकडं देल्ल्या, माह्याकडं शाळा, धान, पाऊसपानी, यात्रा राहिली. त्यायनं मले फोन करून सांगतलं, दीदी, गुस्सा मत होना, लोग पूछते हैं. मी म्हटलं, तुमी बरोबर केलं. फोन ठेवून मी सांदवाडीत जाऊन रडली, हेही खरं. हे मागं आले, विहिरीचं पानी काढून देल्लं तोंड धुवाले. पारबतावरच्या अर्जाचं काय झालं ते आजही धड माहीत नाही, बोलावनं पुन्हा आलं नाही एवढं खरं. टोळीनं तिले बोलावलं, पन सगळ्या बायायनं नाही. पाळ उन्हाळ्यात बुजवली, सरपंचच उभे राहून बुजवाले लावत होते, मी पाहून आली, लिहाचं नोतं तरी पाहून आली.

तुमी मघा विचारलं का पत्रकारानं असं करावं का नाही. मले सगळ्या पत्रकारायचं नाही समजत. मी एवढं म्हनीन का बोलनाऱ्याच्या मंदी मी पडत नाही, पन कोनी कोनाचं तोंड दाबत असन तं मी बसून नाही राहू शकत, अन त्याची जी किंमत लागते ते आपन घरी न्याची, दुसऱ्याच्या नावानं बोटं नाही मोडाची.

औंदाच्या रोवन्याले मी आमच्या बांदीत गेली बायायले चहा घेऊन. पारबता वाकून होती, मले पाहिलं अन तिनं जोडलं:

पेपरवाली बाई आली, चहा घेऊन आली
आपली अर्धी बात हिनं पेपरात खाल्ली

बाया हासल्या अन सगळ्या माह्याकडं पाहाले लागल्या, बाईले राग येते का. आला, खोटं कायले बोलू, मले त्या वेळेस सरपंचाच्या मायची आठवन आली. मी म्हटलं, पारबताबाई, हे खोटं आहे, मी अर्धी नाही खाल्ली, जागाच तेवढी देतात पेपरात. ती कमरेवर हात ठेवून उभी झाली, हातातून चिखल गळून राहिला, म्हने, तं तू उत्तर दे ना बाई, गान्यातच दे. मले तं गळा नाही. मी बांधावर बसून चहा ओतला, पहिला गिलास तिले देल्ला, ती पिऊन पुन्हा वाकली अन तेच कडवं आनखी जोरानं म्हनाले लागली, अन बाया तिच्या मागं.

आता तुमी जा, पाऊस भरून येऊन राहिला, तुमची गाडी चुकन. मी जसं बोलली तसं लिहा, हिंदी-बिंदी आली तेही राहू द्या, सुधरवू नोका. अन माह्याबद्दल कोनी वाईट सांगतलं असन तं तेही टाका, मले चालते. तुमचं लिहनं कोनी न अडवो, अन तुमाले आयकून घेनारे भेटोत, एवढंच म्हनतो मी.