दिवाळीपर्यंतची रेघ

हसणार नसाल तर सांगतो. तुमची वहिनी गेल्यावर नालवाडीच्या घरात मी एकटाच. पोरगा प्रशांत पुण्याले नोकरीवर. जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर मले देऊन गेलता. आता जनमभर गणिताची मास्तरकी केलेल्या माणसाले काही मांडल्याशिवाय करमते का? दर रविवारी प्रशांतचा फोन यायचा. तो किती मिनिटं चालला, हे मी एक्सेलमध्ये लिहून ठेवत जाओ.

वर्ष भरत आलं तसा त्याचा आलेख काढला. त्यावर सहाव्या घाताची ट्रेंडलाइन, म्हंजे ठिपक्यांचा कल दाखवणारी वळणदार रेघ, टाकली अन् दिवाळीपर्यंत पुढं वाढवली. रेघ अशी वर चढली का विचारू नका! रविवारी फोन आल्याबरोबर म्हटलं, "प्रशांत, दिवाळीले तू माह्यासंग तीन तास बोलशीन. एक्सेल सांगून राह्यलं."

तो हसला. "बाबा, तुम्ही गणिताचे मास्तर ना? घात वाढवला की रेघ सगळे ठिपके गाठते, पण पुढं कुठंही पळते. तिचा काय भरवसा? साधी सरळ रेघ टाका."

"टाकली होती."

"मग?"

"सरळ रेघ दिवाळीले शून्यावर येते."

तिकडून आवाजच नाई. मले वाटलं फोन कटला, पण त्याचा श्वास ऐकू येत होता. मी घड्याळाकडं पाहत बसलो. दोन मिनिटं कोणीच बोललं नाई.

तेबी मी त्या रविवारच्या मिनिटांत धरले.