उघड्या पंखांचा फोटो

(फुलपाखरांचं काचघर. सकाळचे आठ वाजून गेलेत. लोकांसाठी दार नऊला उघडतं.)

भाची : मावशी, पूस ना कॅमेऱ्याची काच! वेळ जातोय.

मावशी : पुसायची नाही. दहा वेळा पुसलीस तरी दहा वेळा वाफ धरेल. रात्रभर कॅमेरा एसीच्या पुढ्यात कुणी ठेवला?

भाची : मी. म्हटलं, गारव्यात चांगला राहील.

मावशी : आणि सकाळी आणलास या दमट हवेत! आता भिंग गरम होईपर्यंत बसा हाताची घडी घालून.

भाची : बसून कसं चालेल? छपरावर ऊन आलं की ही निळी उडायला लागतात. आत्ता गारठलीयत, म्हणून अंग तापवायला पंख उघडतात तरी. एरवी मिटलेली, मातकट. आणि आमच्या इथल्या साहेबांना दारावरच्या फलकासाठी उघडे पंख हवेत, आजच. नाहीतर ते कुठला तरी विकतचा फोटो लावतील. मी छातीठोक सांगून बसलेय, माझी मावशी काढेल म्हणून.

मावशी : मग काढेल की! तीस वर्षं स्टुडिओत रडकी पोरं हसवलीत. हे तर रडतही नाही. स्टँड काढ पिशवीतून.

भाची : स्टँड इथे चालत नाही. वाटेवर फुलपाखरं बसतात, त्याच्या पायांखाली चिरडतात.

मावशी : हे आधी नाही सांगायचं?

भाची : सांगितलं असतं तर आली असतीस?

मावशी : नसते आले. हात बघ माझा. कप उचलला तरी बशीवर वाजतो. उगाच नाही स्टुडिओ बंद केला.

भाची : आणि आईनं रविवारी तुझ्या या कॅमेऱ्याला गिऱ्हाईक बोलावलंय घरी.

मावशी : तिचं काही चुकत नाही गं. हातच चालत नसेल तर कपाटात ठेवून काय न्याहाळत बसू? पण त्याआधी एकदा बघायचंय. माझं मला.

भाची : काच साफ झाली बघ.

मावशी : झाली खरी. ते पानावरचं... नको, मिटलंय. त्या खांबावरचं बघ, उघडतंय! चल, माझ्यापुढे उभी राहा. पाठ इकडे.

भाची : कशाला?

मावशी : खांदा दे. कॅमेरा टेकवते. गुडघे वाकव जरा, किती उंच झालीस मेली! आता श्वास रोख. हं, हनुवटी थोडी खाली...

भाची : माझी?

मावशी : अगं, त्याला म्हणाले. सवय!

भाची : मावशी, माझ्या कानावर एक बसलंय. गुदगुल्या होतायत.

मावशी : हललीस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी. थांब... थांब... झालं. सोड श्वास.

भाची : दाखव!

मावशी : तूच बघ. मला नाही धीर होत.

भाची : अगं...

मावशी : हललाय ना? खरं सांग.

भाची : पंखाची कड बघ. एकेक खवला मोजून घ्यावा.

मावशी : मोठा करून बघ.

भाची : मोठा करूनच बघतेय. रडतेस काय गं?

मावशी : रडू नको तर काय करू? दोन वर्षं वाटत होतं, संपले मी.

भाची : मोबाइलवर घेते आणि पाठवते साहेबांना.

मावशी : थांब. आधी तुझ्या आईला पाठव.

भाची : सोबत काय लिहू?

मावशी : लिही, रविवारी मी घरी नाही. कामावर आहे.