टाकीच्या झाकणावर बसल्याबाबत

मी, रमेश विष्णू आठल्ये, वय ५३ वर्षे, व्यवसाय : एका साप्ताहिकाचा वार्ताहर, शिवाय कदलीवन सोसायटीचा बिनपगारी सेक्रेटरी, राहणार : कदलीवन (केळी आता नाहीत), गिरीज, वसई पश्चिम, जिल्हा पालघर. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी विनयासह राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये हिलरी लोपीस, त्यांची आई फ्लॉसी व मुलगी प्रिस्का राहतात. इमारतीची जागा पूर्वी लोपीसांची केळीची वाडी होती. आमचे संबंध चांगले आहेत. शनिवारी संध्याकाळी थोडा वेळ नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात फ्लॉसीमावशींना न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले की, साठून कोमट झालेल्या पाण्यात एक जंतू वाढतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे छातीत जातो. तपासणीत तो मावशींच्या शॉवरमध्ये सापडला. त्यांना रिक्षातून दवाखान्यात मी नेले होते. त्या प्रवासाबद्दल जास्त सांगण्यासारखे नाही.

तेव्हापासून गावी गेलेल्यांच्या किल्ल्या घेऊन मी दर आठवड्याला बंद फ्लॅटमधले नळ वाहते करतो व शॉवरच्या जाळ्या साफ करवून घेतो. गच्चीवरच्या टाक्यांवर छप्पर घातले आहे. सभासद मला वरुणदेव म्हणतात. तपासाला याची गरज नाही. हवालदारसाहेबांनी हसण्याचे कारण विचारले म्हणून सांगितले.

प्रिस्काचे लग्न रविवारी दुपारी होते. पाहुणे या बंद फ्लॅटमध्येच उतरायचे होते. महिनाभर उन्हात तापलेल्या पाइपांतले पाणी त्यांच्या अंगावर पडू नये म्हणून जमिनीखालच्या टाकीपासून गच्चीपर्यंत सर्व जादा क्लोरीन घालून धुण्याचे ठरले. कामगारांनी दोनदा वायदा मोडला व शनिवारी उगवले. ते जालीम पाणी रात्रभर ठेवून पहाटे सोडून द्यायचे होते. वापराचे पाणी घरोघरी पिंपांत भरून ठेवले होते. 'जलकुंभशुद्ध्यर्थ जलोपसा निषिद्ध' अशी सूचना मी फलकावर लावली होती. ती कोणालाही कळली नाही असे आता कळते.

दिवस मावळताना बँड आला. मागून कळशा घेतलेल्या बायका. वसईच्या ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचे पाणी आणून नवरीला अंघोळ घालतात, त्याला उंबराचे पाणी म्हणतात, हे मला ठाऊक होते. लोपीसांची विहीर बुजवून बिल्डरने त्यावरच टाकी बांधली आणि लोपीस ते पाणी अजून तिथूनच काढतात, हे ठाऊक नव्हते. मी झाकणावर खुर्ची टाकली व बसलो. "बसला होता हे खरे काय?" असे विचारल्यावरून, खरे आहे असे सांगतो.

हिलरी म्हणाले, "रमेश, ऊठ."

मी म्हणालो, "आत क्लोरीन आहे. पोरीचे डोळे जातील."

"क्लोरीन वर असेल. खाली आमच्या आज्याची विहीर आहे."

"ती बुजली, हिलरी."

"तू म्हणतोस म्हणून बुजत नाही."

यावर त्यांनी पोलिसांना फोन लावला. पाणी भरेपर्यंत थांबायचे नाही असे ठरल्याने बँड वाजतच होता, त्यामुळे त्यांना तक्रार ओरडून द्यावी लागली.

इतक्यात फ्लॉसीमावशी पुढे आल्या. म्हणाल्या, "हिलरी, फोन ठेव. मला दम लागला तेव्हा तू कामावर होतास, हा होता. वर्ष झालं, माझा नळ आधी हा सोडतो, मग मी आत जाते. हा काय उगीच बसलाय? माझ्या माहेरच्या वाडीत विहीर आहे, रोज बागेला उपसतात. चला तिकडे."

"आई, लोपीसांच्या पोरीला लोपीसांचं पाणी लागतं."

"मी त्याच विहिरीचं पाणी अंगावर घेऊन तुमच्यात आले. काय बिघडलं तुमचं?"

हिलरी यांनी फोन खिशात ठेवला. अंघोळ शॉवरने की कसे, अशी चौकशी मी केली. मावशी म्हणाल्या, "तांब्याने रे बाबा. नवरी आहे, गाडी धुवायची नाही." तांब्याने तुषार उडत नाहीत, त्यामुळे माझी हरकत उरली नाही.

पोलीस आले तेव्हा घटनास्थळी मी व खुर्ची एवढेच होतो. बँडच्या आवाजावरून मी त्यांना दिशा दाखवली, खुर्चीवर पत्नीस बसवले व स्वतःही गेलो. विहिरीपाशी फ्लॉसीमावशी नाचत होत्या. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. गाणे नव्हे. त्या एकदाही खोकल्या नाहीत.

पहाटे टाक्या रिकाम्या करून नव्याने भरल्या. लग्न व्यवस्थित झाले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हिलरी लोपीस आपली तक्रार मागे घेण्यासाठी बाहेर बाकावर बसले असून त्यांच्याजवळ लग्नाचा केक आहे.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याबरहुकूम व खरा आहे. काही ठिकाणी त्यांनी माझे शब्द सोपे केले आहेत, ते मला मान्य आहे. पुढची सूचनाही त्यांनाच दाखवून लावीन.