बिनतारखेचा राजीनामा

नाही साहेब, तुम्ही भलताच अर्थ लावताय — मी नोकरी सोडली नाही, मला नारळ दिला. दोन्ही एकच कसं? एकच असतं तर तुम्ही मला भत्ता दिला असता ना? बाहेर पाटी लावलीय तुम्हीच — काढून टाकलेल्याला बेकारी भत्ता, स्वतःहून सोडणाऱ्याला छदाम नाही. वाचता येतं मला. ऐका तरी — बुटांची वरची कातडी शिवते मी, एल्पिदिओच्या कारखान्यात, एकोणीस वर्षं झाली. मनगट सुजलं, डॉक्टर म्हणाले तीन आठवडे यंत्राला हात लावायचा नाही. परत गेले तर माझ्या जागेवर दुसरीच बाई! एल्पिदिओ म्हणतो, ‘नझारेना, राजीनामा तूच दिलास की.’ मी हसले हो. वाटलं, थट्टा करतोय.

या राजीनाम्यावरचं अक्षर माझंच, नाही कोण म्हणतंय? सहीही माझीच. पण लिहिलं कधी? कामाला लागले त्या दिवशी! दोन कागद पुढे ठेवतात — एक नेमणुकीचा, एक राजीनाम्याचा, तारखेची जागा कोरी. आमच्या मार्के प्रांतात घर तिथे बुटांचा कारखाना, आणि कारखाना तिथे हा रिवाज. तुम्ही कुठले, रोमचे? मग तुम्हाला काय कळणार! मालकाची आई स्वतः कॉफी घेऊन आली, साखर ढवळून दिली, म्हणाली, ‘लिही पोरी, काही होत नाही, कपाटात पडून राहतो.’ बावीस वर्षांची होते मी, वडील अंथरुणाला खिळलेले — काय म्हणणार, नाही? लिहून दिला. आणि विसरले. आपली मान आपणच त्यांच्या हातात दिली आणि एकोणीस वर्षं खुशाल शिवत बसले.

वरचा पत्ता बघा. वाचा ना! वडिलांच्या घरचा आहे. ते घर सोडून मला अकरा वर्षं झाली, लग्न झालं, मुलगी नऊ वर्षांची झाली — आणि गेल्या महिन्यात राजीनामा लिहिणारी बाई असला पत्ता घालेल होय? सवयीनं? साहेब, सवयीनं माणूस दोनदा मीठ घालतो, बापाच्या घरी परत राहायला जात नाही. बरं, आता तारीख बघा. शाई निराळी. आणि हे शून्य, पोट सुटल्यासारखं — हे अक्षर मी झोपेतही ओळखीन. ऑर्नेलाचं. कारखान्याच्या कचेरीत असते. माझ्या मुलीची धर्ममाता आहे ती! बाप्तिस्म्याला पोर तिच्या हातात होती, दर वाढदिवसाला कार्ड लिहिते, त्यावर हेच शून्य. एल्पिदिओचं मला काही नाही, मालक तो मालक. पण हिनं कपाट उघडलं, माझा कागद शोधला, तारीख घातली — आणि त्याच रविवारी माझ्याकडे जेवायला आली! भरलेली ऑलिव्हं तळून वाढली मी, सुजलेल्या हातानं. आणि ती विचारते, ‘मनगट कसं आहे गं?’ केसानं गळा कापला हो! काल तिच्या दारात गेले, तर म्हणते, ‘मी नाही तर दुसऱ्या कुणी घातली असती. माझाही कागद आहे त्या कपाटात.’ रडत होती वर. मी नाही रडले.

तक्रार? म्हणजे करता येते? मग आधी नाही का सांगायचं! द्या तो अर्ज — कुठे लिहू? हं, साक्षीदार. म्हणजे असे कागद लिहून घेतात हे बघितलेलं कुणी. छे, ऑर्नेला कुठली येते. आतली एकही येणार नाही, सगळ्यांचीच मान अडकलीय. बाहेर पडलेली? — आहे. एक आहे. मोरेना. चार वर्षांपूर्वी पोटुशी राहिली, आणि तिसऱ्या महिन्यात तिचाही राजीनामा निघाला. ती सांगेल शपथेवर, अगदी कोर्टातसुद्धा — नाही, तिची स्वतःची केस ती हरली. तिलाही साक्षीदार मिळाला नाही. म्हणजे — होती एक. तिनं लिहिलं तेव्हा शेजारी बसलेली. नव्या मुलींना मीच समजवायचे हो, मालकाचा विश्वास होता माझ्यावर — कर गं सही, सगळ्यांनी केलीय. मग ती आली एकदा घरी, पोट पुढे आलेलं, दारातच उभी राहिली. म्हणाली, ‘ताई, पाहिलंस तेवढंच सांग, जास्त काही नको.’ आता खाल्ल्या घरचे वासे कसे मोजायचे? आणि माझी नोकरी — तेव्हा होती ना मला नोकरी! मी म्हटलं, मला काही आठवत नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही तिला.

पत्ता? आहे ना माहीत. इथून दोन गल्ल्या सोडून. मुलगा झाला तिला, चर्चमध्ये दिसतो. मी दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसते. — येईल का म्हणून मला काय विचारता? दार उघडून तिनं माझंच वाक्य मला ऐकवलं तर? — नको, अर्ज राहू द्या. लिहीत होते तेवढा फाडून टाका. माझा कागद द्या इकडे, आणि पुढच्या माणसाला बोलवा.