काळ्या कपातले अण्णा

माझ्या छपाईच्या दुकानात आलेलं सगळ्यात हुशार गिऱ्हाईक म्हणजे दिंद्रुडचे बाळूअण्णा. ग्रामपंचायतीला उभे राहायचे होते, म्हणून संक्रांतीला घरोघर वाटायला कप हवे होते. मी म्हणालो, "अण्णा, पांढऱ्या कपावर साधा फोटो छापू."

"साधं न्हाई चालत बे. गरम चहा वतला की फोटो उमटतो, तसला काळा कप पाहिजे!"

दिले छापून. स्वतः वाटत फिरतील ते पुढारी कसले? अण्णांनी कप रिक्षावाल्याकरवी पोचवले. गार कप कोळशासारखा काळा. बायांनी तसाच फळीवर मांडून ठेवला. मग विरोधकाच्या बायकोनं गावभर सांगितलं, "कप आमीच वाटलेत." कपावर नाव ना फोटो, खोटं म्हणणार कोण?

शेवटी अण्णा स्वतःच चहाची किटली घेऊन दारोदार निघाले. पहिल्याच घरी त्यांनी कप भरला, हळूहळू फोटो उमटला. अण्णा छाती काढून उभे.

त्या घरच्या म्हातारीनं कप निरखला आणि म्हणाली, "चहा पाजल्याबिगर जो तोंड दावत न्हाई, त्याला मत कावून द्यायचं?"