तिकडच्या यादीतला रकाना

—नाही, एक नव्हे, दोन याद्या लागतात. बस, सांगते, उद्यापासून मी दुसऱ्या विभागात, हे टेबल तुझं. कंपनीने संचालकाच्या नातेवाइकाशी व्यवहार केला तर तो जाहीर करावा लागतो, एवढं येतं ना? पण नातेवाईक कोण — खरी गोम तिथे आहे. इथल्या कायद्यात बायको, मुलं, भाऊ, बहीण, सूनसुद्धा. भाऊ वीस वर्षं तोंड बघत नसला तरी भाऊच. आणि आपली मुख्य कंपनी ज्या देशातली, तिकडे विचारतात — घरात जोडीदार म्हणून कोण राहतं? लग्न झालंय का, ते नाही विचारत. हसू नकोस. मीही पहिल्यांदा हसले होते.

मोठे साहेब, आपले संचालक, गेले त्याला परवा महिना झाला. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती त्यांची. दर वर्षी ते हाताने लिहून द्यायचे, मी टाईप करायचे, ते न वाचता सही करायचे. तिकडच्या यादीत जोडीदार — कोणी नाही. आठ वर्षं कोणी नाही. म्हणजे — त्यांची सकाळची गोळी मीच काढून द्यायचे, आता काय लपवायचं. गाडीतून मात्र कोपऱ्यावर उतरायचं आणि तिथून चालत ऑफिसात. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं आमचं.

गेल्या वर्षी त्यांनी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. पूर्ण, माझ्या वडिलांच्या नावासकट. कागद माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. आणि मी काय केलं? घाबरले गं. माझा पगार, बढती, सगळं वार्षिक अहवालात छापून आलं असतं, लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. मी टाईप केलं — कोणी नाही. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा वाचून सही केली. "बरं," म्हणाले. एवढंच. फार वाईट केलं मी.

शेवटच्या दर्शनाला ऑफिसच्या लोकांत उभी होते. त्यांच्या सुनेने विचारलं, आपण कोण? म्हटलं, ऑफिसातली.

हा त्यांच्या हातचा कागद — नाही, फायलीत नको, दे इकडे. का थांबलीस? हो, चुकीची माहिती दिलेली कळली तर वर कळवायचं, हा नियम. मीच लिहिलाय तो. माझी नोकरी जाईल, तेही माहीत आहे मला.

कळव. माझं नाव मात्र पूर्ण लिही, वडिलांच्या नावासकट. जा आता. दार ओढून घे.